तुम्ही विचारलंत म्हणून: ऑक्सिजन १०० का करत नाही?

अतिदक्षता विभागात भेटीची वेळ संपत आली की एक प्रश्न हमखास येतो. नातेवाईक मॉनिटरकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "डॉक्टर, ऑक्सिजन ९३ वरच का ठेवलाय? एवढी यंत्रं आहेत, मग १०० का करत नाही?" कोविडच्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले आणि ९४ च्या खालचा आकडा म्हणजे धावपळ, हे सगळ्यांच्या मनात पक्के बसले. त्यामुळे या प्रश्नामागची भीती मला समजते. उभ्या उभ्या देता येत नाही ते उत्तर इथे देतो.

आकडा वर चढवणे पुष्कळदा अवघड नसते. व्हेंटिलेटरमधून जास्त ऑक्सिजन सोडला आणि प्रत्येक श्वासाला जास्त हवा आत ढकलली की तो चढतो. पूर्वी एका श्वासाला, वजनाच्या दर किलोमागे, १० ते १५ मिलिलिटर हवा देण्याची रीतच होती. अमेरिकेतील डॉक्टरांनी फुप्फुसांना तीव्र सूज आलेल्या, म्हणजे एआरडीएस झालेल्या, ८६१ रुग्णांवर ही रीत तपासून पाहिली. कोणाला कोणता उपचार मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले आणि एका गटाला किलोमागे १२, तर दुसऱ्याला ६ मिलिलिटर हवा दिली गेली. (हे वजन काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले, माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत.) सुरुवातीच्या दिवसांत १२ च्या गटात रक्तातील ऑक्सिजन अधिक चांगला होता. पण २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दिसले की त्या गटातील ३९.८ टक्के रुग्ण दगावले होते आणि ६ च्या गटातील ३१ टक्के.

अशा आजारात फुप्फुसाचा मोठा भाग पाण्याने भरलेला असतो आणि हवा घेणारा भाग थोडाच उरतो, त्यामुळे ढकललेली सगळी हवा त्या उरलेल्या निरोगी भागालाच ताणून इजा करते. ही इजा मॉनिटरवर उमटत नाही. पहिल्या दिवशी खाटेशेजारी उभे राहून केवळ आकडा पाहिला असता, तर मीही १२ मिलिलिटरच निवडले असते, आणि हे मला आजही अस्वस्थ करते.

मग आकडा जितका खाली तितके बरे, असेही नाही. फ्रान्समध्ये ८८ ते ९२ आणि किमान ९६ अशा दोन पातळ्यांची तुलना सुरू झाली होती. खालच्या पातळीच्या गटात आतड्यांचा रक्तपुरवठा तुटल्याचे पाच रुग्ण आढळले आणि २०५ रुग्णांनंतर तो अभ्यास थांबवावा लागला. दुसरीकडे, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, व्हेंटिलेटरवरील २५४१ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात ९०, ९४ आणि ९८ या तिन्ही लक्ष्यांमध्ये, व्हेंटिलेटरविना जगलेल्या दिवसांच्या हिशेबाने, फरक आढळला नाही. ९३ ही कंजुषी नाही, ती याच टप्प्यातील एक जागा आहे.

त्यातही बोटावरचा चिमटा सांगतो तो आकडा अंदाजाचा असतो. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, चिमटा ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघाले. आपल्याकडच्या सावळ्या बोटांचा विचार करता मी ही गोष्ट विसरू शकत नाही, आणि म्हणूनच मनगटाच्या धमनीतून रक्त काढून एबीजी ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. "सारखं रक्त का काढता?" या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे.

तेव्हा उद्या मॉनिटर पाहून विचारायचेच असेल, तर हा ९३ टिकवायला कालपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो आहे की कमी, हे विचारा. काल यंत्रातून ७० टक्के ऑक्सिजन द्यावा लागत होता आणि आज ४५ टक्क्यांवर भागत असेल, तर मॉनिटरवर तोच ९३ दिसत असूनही मी तुम्हाला सुधारणा आहे असेच सांगेन.