रेल्ससोबत जँगो घेताना अडलो ते व्हेंडर फॉर्मवर

आमची छोटी कन्सल्टन्सी, बरीच वर्षं फक्त रेल्स (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा). जुन्या क्लायंटची डेटा टीम सगळी पायथनवाली, नवं ॲप जँगोत (पायथनमधलं तसंच फ्रेमवर्क) द्याल का विचारलं, आम्ही हो म्हणालो. शिकण्याबद्दल फार सांगत नाही, रेल्स 2004 चं, जँगो 2005 चं, बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतात. जोडलेल्या टेबलांचा डेटा एकदम आणायला रेल्सच्या इन्क्लूड्सच्या जागी सिलेक्ट_रिलेटेड नि प्रीफेच_रिलेटेड. इम्पोर्ट (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळी) प्रत्येक फाइलमध्ये हाताने लिहायचे, त्याची चिडचिड होते, मग सवय होते.

डोकं फिरवलं ते क्लायंटच्या पर्चेसवाल्यांनी. त्यांच्या सिस्टीममध्ये आमची नोंद रेल्सखाली, त्यामुळे जँगोच्या कामाची पीओ (पर्चेस ऑर्डर) निघेना. नवी कॅटेगरी हवी तर नवा फॉर्म, त्यात प्रत्येक डेव्हलपरसमोर "या फ्रेमवर्कमधला अनुभव (वर्षे)" आणि आधीच्या प्रोजेक्टचा रेफरन्स कंपल्सरी. म्हणजे काम दिल्याशिवाय अनुभव येणार नाही आणि अनुभव असल्याशिवाय हे काम देणार नाहीत! शून्य टाकलं की लाल अक्षरं, दशांश चालत नाही. टीममधला एकजण म्हणाला टाका दोन, कोण बघतंय. नाही टाकलं, खोटं लिहून मिळवलेलं काम मला नकोच होतं. मेल केला की एकच ठरलेलं उत्तर, "विनंती प्रक्रियेत आहे", आणि तिकडे त्यांचाच टेक्निकल हेड मला विचारतोय सुरू कधी करताय, अरे बाबा तुझ्याच ऑफिसात विचार ना.

शेवटी त्यालाच धरलं. चालू रेल्स कॉन्ट्रॅक्टवर चेंज रिक्वेस्ट (चालू कामात बदलाची मागणी) काढायला लावली, त्याला नवी कॅटेगरी लागत नाही. काम छोटंसंच, जुन्याच डेटाबेसवर जँगो ॲडमिन (डेटा बघायची-बदलायची तयार पानं). इन्स्पेक्टडीबी ही जँगोची कमांड चालवली की मॉडेल्स (टेबलांचं कोडमधलं रूप) तयार मिळतात, त्यात मॅनेज्ड फॉल्स असतं म्हणून जँगोची मायग्रेशन्स (टेबलांची रचना बदलणाऱ्या फाइली) रेल्सच्या टेबलांना हात लावत नाहीत (फॉरेन की, म्हणजे टेबलांमधले दुवे, वगैरे मात्र डोळ्यांनी तपासा). झाला रेफरन्स तयार! आणि वर्षांचं काय, तर मेलऐवजी फोन केल्यावर पर्चेसमधल्या मॅडम सहज म्हणाल्या, "एकूण वेब डेव्हलपमेंटची वर्षं टाका, शेऱ्यात तसं लिहा, चालतं." हे फॉर्मवर छापायला काय जातं यांचं?

तेव्हा पहिला मेल गेला की लगेच फोन करा. नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये फ्रेमवर्कचं नावच घालू नका, "वेब ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट" एवढंच, आम्ही आता सगळीकडे तेच करतो.

हां, कोडमधलं एक राहिलं, नव्या ॲपमध्ये कस्टम यूजर मॉडेल (यूजरसाठी स्वतःचं मॉडेल) पहिल्या मायग्रेशनच्या आधीच ठरवा, नंतर बदलणं म्हणजे वैताग. आणि डेव्हाइजचे (रेल्समधली लॉगिनची लायब्ररी) जुने यूजर आणायचे असतील तर पासवर्ड रीसेट करायला लावायची गरज नाही, दोन्हीकडे बीक्रिप्ट (पासवर्डचा हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा सांकेतिक रूप, करायची पद्धत) चालतं. जुन्या हॅशच्या आधी "बीक्रिप्ट" (इंग्रजी लहान अक्षरांत) आणि डॉलरचं चिन्ह जोडायचं, सेटिंग्जच्या हॅशर यादीत साधा बीक्रिप्ट हॅशर घालायचा, कारण तो डिफॉल्ट यादीत नसतो. डेव्हाइजमध्ये पेपर (हॅश करण्याआधी पासवर्डला जोडलेला गुप्त मजकूर) लावलेला असेल तर मात्र हे चालत नाही, स्वतःचा हॅशर लिहावा लागतो.