बेचाळीसची भेळ

लेबर डेच्या (अमेरिकेतल्या सप्टेंबरमधल्या कामगार दिनाच्या) आधीचा गुरुवार, सकाळचे साडेसहा, डेव्हनपोर्टच्या फेअरग्राउंडवरचं गवत अजून ओलं आणि मी एका म्हाताऱ्याच्या पिकअपसमोर हातात थर्मास धरून उभा. म्हातारा माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. त्याच्या टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणि डब्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला लिंकर्ट कंपनीचा एम-८८ कार्बोरेटर, जो मी माझ्या जुन्या हार्लीसाठी सात महिने शोधत होतो. शिक्का स्पष्ट, बॉडीला तडा नाही, फ्लँज सरळ.

भाव विचारला नाही. जो आधी भाव विचारतो तो गेला, हे मी लहानपणीच शिकलोय. बाबा मला रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात न्यायचे, त्यांच्या येझदीसाठी काही ना काही लागायचंच. ताडपत्रीवर गंजके पाने, नळ, रेडिओ, घड्याळं, त्यात कुठेतरी गाडीचा पार्ट. बाबा आधी भलतीच वस्तू उचलून बघायचे, मग दुसरी, मग कंटाळल्यासारखं करत हवी ती उचलायचे आणि लगेच उलटी करायचे. "वरून सगळं चकचकीत करता येतं रे, खालून बघायचं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा मला राग यायचा. पुढे याच वाक्याकडे दुर्लक्ष करून मी चांगला आपटलो, ते सांगतोच.

तर मी राहतो मोलीनला, इलिनॉयमध्ये. ट्रॅक्टरच्या कामासाठी पुण्याजवळच्या सणसवाडीहून इकडे आलेले बरेच जण आहोत आम्ही, गणपतीला शंभरेक पानं सहज उठतात. मध्ये मिसिसिपी आणि पलीकडे आयोवातलं डेव्हनपोर्ट. पहिली तीन वर्षं मला पत्ताच नव्हता की घरापासून वीस मिनिटांवर दरवर्षी जुन्या मोटरसायकलींच्या पार्टचा एवढा मोठा बाजार भरतो. अँटिक मोटरसायकल क्लब ऑफ अमेरिका म्हणून १९५४ पासूनची संस्था आहे, तिच्या चीफ ब्लॅकहॉक चॅप्टरचा, म्हणजे इथल्या शाखेचा, हा बाजार. रांगेने ट्रक, टेंपो, तंबू, आणि जमिनीवर पसरलेले मडगार्ड, टाक्या, फ्लायव्हील, खोकीच्या खोकी नट-बोल्ट. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्याच मातीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांची रेस. पहिल्यांदा गेलो तेव्हा चार तास नुसता फिरलो आणि बायकोचे अकरा मिस्ड कॉल.

माझी गाडी हार्ली डब्ल्यूएलए. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली आर्मीची हार्ली, ४५ क्युबिक इंचाची, आपल्या भाषेत ७४० सीसीच्या आसपास. फ्लॅटहेड इंजिन, व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, वरचं हेड म्हणजे नुसतं झाकण. तीन गिअर आणि तेही हाताने टाकायचे, टाकीच्या डाव्या बाजूला दांडा. क्लच डाव्या पायात. उजव्या मुठीत थ्रॉटल आणि डाव्या मुठीत स्पार्कचं टायमिंग, म्हणजे चालवता चालवता टायमिंग मागेपुढे करणं तुमचं काम. मागे सस्पेन्शन नाहीच, सीटखालच्या नळीत स्प्रिंग आहे तेवढीच कंबरेला आशा. कॅनडाच्या सैन्यासाठीच्या डब्ल्यूएलसी धरून युद्धात अशा ९० हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातल्या ३० हजारांच्या घरात रशियाला गेल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या कवडीमोल विकल्या. दिल्लीत चांदणी चौक ते कॅनॉट प्लेस ज्या फटफट्या धावायच्या ना, पुढे हार्ली आणि मागे माणसं कोंबलेली, त्या याच सरप्लस मालातल्या.

गंमत म्हणजे युद्धकाळात गाडी १९४३ ची असो नाहीतर १९४४ ची, इंजिनवर नंबर पडायचा तो ४२ डब्ल्यूएलए असाच. त्यामुळे जवळपास प्रत्येकाची गाडी बेचाळीसची. "माझी बेचाळीसची आहे" असं कुणी छाती फुगवून सांगितलं की जाणकार नुसते हसतात.

आता नंबराचाच विषय निघालाय तर. १९७० च्या आधीच्या हार्लीला चासी नंबर नाही. फ्रेमवर काहीच नाही. गाडीची ओळख म्हणजे इंजिनच्या डाव्या केसवर (इंजिनचं खालचं कवच डावं-उजवं अशा दोन भागांत असतं, तो एकेक भाग म्हणजे केस) ठोकलेला नंबर, कागदपत्रांवर तोच. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने ती एक ॲल्युमिनियमची केस म्हणजे गाडी आणि बाकी सगळं सामान. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले आरटीओत हे कसं चालायचं, तिथे दोन्ही रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. म्हणूनच नुसत्या केस आणि टायटल, म्हणजे मालकीचा कागद, यांनाच इथे घसघशीत भाव येतो, आणि म्हणूनच नंबर घासून नवीन ठोकणारेही आहेत. ठोकलेल्या नंबराच्या मागचा मूळ ओतीव पृष्ठभाग घासलेला दिसतो का, आकड्यांचं वळण फॅक्टरीचं आहे का, हे बघायला लोक भिंग घेऊन फिरतात. खरंच भिंग.

मी भिंग नेलं नाही. मी तर गेलोच नाही, ऑनलाइन घेतली. चार खोक्यांमध्ये भरलेली गाडी, इथे त्याला बास्केट केस म्हणतात, फोटो झकास, टायटल स्वच्छ, डाव्या केसवर नंबर अगदी फॅक्टरीचा. घरी आल्यावर गराजमध्ये दोन्ही केस उलट्या केल्या आणि पोटात गोळा आला. दोन्ही भागांच्या पोटाखाली आणखी एक नंबर असतो, बेली नंबर, फॅक्टरीत दोन्ही केस जोडून एकत्र मशीन करायचे म्हणून दोन्हीवर सारखा. माझ्या दोन्हींवर वेगवेगळे. म्हणजे डावी एका गाडीची, उजवी दुसऱ्या गाडीची, क्रँकच्या बेअरिंगच्या जागा एका रेषेत असण्याची कुठलीही खात्री नाही. खालून बघायचं. विकणाऱ्याला मेल केला, त्याचं उत्तर आलं की जसं आहे तसं या बोलीवर विकलंय. बरोबरच होतं त्याचं, मी विचारलंच नव्हतं.

दोन दिवस जेवण गेलं नाही. मग एक रिटायर्ड टर्नर भेटले, त्यांनी केस जोडून, बेअरिंगच्या रेस, म्हणजे कड्या, घासून एका रेषेत आणल्या आणि फ्लायव्हील ट्रू करून दिली. फ्लायव्हील ट्रू करणं म्हणजे काय तर दोन जड चाकं आणि मधली क्रँकपिन, सेंटरवर फिरवायची, डायल बघायचा, तांब्याच्या हातोडीने ठोकायचं, परत डायल. इंचाच्या हजाराव्या भागात काम आणि साधन काय तर हातोडी. मी चार तास बघत बसलो, त्यांनी एकदाही घाई केली नाही, मधे एकदा सँडविच खाल्लं तेवढंच.

तर गाडी म्हणजे भेळ. दोन केस दोन गाड्यांच्या, फ्रेम तिसरी, डायनामो सिव्हिलियन मॉडेलचा, पुढचं मडगार्ड तैवानचं रिप्रॉडक्शन. पण त्या चार खोक्यांत तळाला एक वस्तू होती जिच्याकडे विकणाऱ्याचं लक्षच गेलं नसावं. ब्लॅकआउट दिवा. रात्री विमानांना दिसू नये म्हणून बारीक फटीतून उजेड पाडणारा आर्मीचा छोटा दिवा, मूळ हिरव्या रंगासकट. युद्धानंतर ज्यांनी या गाड्या घेतल्या त्यांनी पहिलं काम केलं ते हे दिवे काढून फेकायचं, मडगार्ड कापायचं आणि जमेल तिथे क्रोम मारायचं, आणि आज त्यांचीच नातवंडं तेच दिवे शोधत बाजारभर फिरतायत.

त्या गुरुवारी तो दिवा माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होता.

म्हाताऱ्याच्या टेबलावरची एक ब्रेकची दांडी उचलली, ठेवली. एक पार्ट फॅक्टरीच्या मूळ कागदात गुंडाळलेला होता, त्याचा नंबर वाचला. जुन्या हार्लीच्या पार्ट नंबरात डॅशनंतरचे दोन आकडे म्हणजे तो पार्ट पहिल्यांदा आला ते साल, एकदा हे कळलं की कचऱ्याच्या ढिगाऱ्यातही वाचता येतं. मी "एकेचाळीस" असं पुटपुटलो. तेव्हा म्हाताऱ्याने पहिल्यांदा वर पाहिलं. मग मी सॅकमधून दिवा काढला आणि काही न बोलता टेबलावर ठेवला. त्याने उचलला आणि उलटा केला. बाबांना तिथे उभं करायला हवं होतं.

खरं सांगतो, हात थरथरत होता माझा. दिवा ठेवला असता तर माझी आर्मीची गाडी थोडी तरी आर्मीची राहिली असती. या क्लबचं जजिंग असतं, शंभर मार्कांतून सुरुवात आणि जे मूळचं नाही त्याचे मार्क कापत जायचं. माझ्या भेळेला तिथे काय मिळणार हे माहीतच आहे, पण आहे तो एकच अस्सल दागिना मोडायचा? आणि दुसरीकडे कार्बोरेटर नसेल तर गाडी म्हणजे गराजमधलं शोपीस. शंभर मार्कांच्या गाड्या मी बघितल्यात, ट्रेलरवरून येतात, ट्रेलरवरून जातात, टायरला माती नाही. कौतुक आहे, पण मला जीव नाही वाटत त्यांच्यात.

दिवा त्याच्याकडे गेला, डबा माझ्याकडे आला, वर चाळीस डॉलर त्याने मला दिले आणि थर्मासमधला चहा प्यायला. आलं जास्त आहे म्हणाला.

घरी आणून कार्बोरेटर खोलला तर आत कॉर्कचा फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, बाटलीच्या बुचासारखा, वरून लाखेचा लेप. आणि राहतो आम्ही कुठे, तर मक्याच्या राज्याशेजारी, पंपावर बहुतेक इथेनॉलवालंच पेट्रोल. लाख आणि अल्कोहोल! आपल्याकडचे पॉलिशवाले सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात, तोच प्रकार बाऊलमध्ये. लेप सुटतो, कॉर्क पेट्रोल पितो, बुडतो आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो. आता पुण्यातल्या मित्रांच्या जुन्या गाड्यांचं उसाच्या इथेनॉलने रबर फुगतंय, इकडे मक्याने माझा फ्लोट बुडवला. नवीन फ्लोट बसवला आणि आता विनाइथेनॉल पेट्रोल कॅनमधून आणतो.

चालू करायची पद्धत अशी: स्पार्क मागे, चोक बंद, किल्ली बंद ठेवून दोन किक सावकाश, चोक अर्धा, किल्ली चालू, आणि मग एकच किक, मनापासून. पहिल्यांदा चालू झाली ती ऑक्टोबरच्या एका शनिवारी, तेहतिसाव्या किकला, मनापासून वगैरे काही उरलं नव्हतं तोवर. सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, अर्धा लिटर तेल जमिनीवर. ऑइल पंपाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे तेल उलटं जाऊ न देणारी झडप, नीट बसत नसला की गाडी उभी असताना टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि चालू केली की सगळं बाहेर. हल्ली खाली कार्डबोर्ड टाकतो, बायको त्याला रांगोळी म्हणते.

डेव्हनपोर्टहून यूएस ६७ ने नदीकाठाने ले क्लेअरला जातो अधूनमधून. ताशी ७०-७५ किलोमीटरला ती खूष असते, पुढे नेली की सगळ्या नट-बोल्टांची तक्रार सुरू. चढावर सिग्नलला थांबून निघायचं म्हटलं की खरी परीक्षा, डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर, मग गाडी टेकवायची कोणत्या पायावर? पुढचा ब्रेक आहे डाव्या हाताला, पण तो असून नसल्यासारखाच. मी आता लांबूनच सिग्नल बघून वेग जमवतो, मागच्या गाड्या हॉर्न देतात, देऊ देत.

पुढच्या वर्षी बाजाराला तिच्यावरच गेलो. गेटमधून आत शिरलो, गाडी उभी केली, चालूच होती, जरा अडखळत. तोच म्हातारा कुठूनसा आला, माझ्याकडे बघितलंच नाही, गुडघ्यावर बसला आणि आधी इंजिनच्या खाली वाकून बघितलं. मग कार्बोरेटरच्या लो-स्पीड निडलला, म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल ठरवणाऱ्या सुईला, बोट लावून ती दोन क्लिक फिरवली. अडखळणं थांबलं, टक-टक-टक असा एकसारखा ठेका. उठला, गुडघे झटकले.

"दिवा आहे अजून माझ्याकडे," म्हणाला. "काय देतोस?"

मी सॅक उघडली.