फ्रेड का मेला?

"सातवी-आठवीच्या मुलांना ही असली पुस्तकं कशाला देता? कॉलेजात गेली की वाचतील." वाचनालयात पुस्तक परत करताना पालक मला हे विचारतात, बहुतेकदा आवाज खाली आणून. 'असली' म्हणजे ज्यात एका मुलाचा दुसऱ्या मुलावर, किंवा मुलीचा मुलीवर जीव जडतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सुरुवात एका कुत्र्यापासून करते.

१९६९ साली अमेरिकेत जॉन डोनोव्हन यांची एक किशोर-कादंबरी आली. तेरा वर्षांचा डेव्ही आजी गेल्यावर न्यूयॉर्कला आईकडे राहायला येतो, सोबत त्याचा लाडका कुत्रा फ्रेड. तिथे शाळेतला एक मित्र त्याला फार जवळचा होतो. एकदा दोघं एकमेकांचं चुंबन घेतात. आईला संशय येतो, वडील समजूत घालायला बसतात आणि तेवढ्यात फ्रेड गाडीखाली सापडतो. हे माझ्यामुळेच झालं, असं डेव्हीच्या मनात घट्ट बसतं. किशोरांच्या कादंबरीत इतक्या आधी हा विषय आणणाऱ्या डोनोव्हनबद्दल मला आदर आहे. पण फ्रेडचं मरण मला आजही सोसत नाही. तेराव्या वर्षी हे वाचणारा मुलगा त्यातून काय घेऊन उठला असेल?

अमेरिकी लेखिका नॅन्सी गार्डन लहानपणी अशाच दुःखान्त गोष्टी वाचत वाढल्या आणि सुखान्त गोष्ट आपण लिहायची, हे त्यांनी ठरवून टाकलं. १९८२ मध्ये 'अ‍ॅनी ऑन माय माइंड' आली. लिझा आणि अ‍ॅनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भेटतात. पुढे गवगवा होतो, शाळेतल्या दोन शिक्षिकांच्या नोकऱ्या जातात. गार्डन काही लपवत नाहीत. तरी शेवटी या दोघी एकमेकींच्या राहतात. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत जाळली गेली. जवळच्याच ओलेथा शहरातल्या शाळांमधून ते काढून टाकलं, तेव्हा विद्यार्थी आणि पालक कोर्टात गेले. १९९५ मध्ये न्यायालयाने ते परत ठेवायला लावलं. मुलांनी आपल्या पुस्तकासाठी कोर्टाची पायरी चढली, हे आठवलं की मला भरून येतं.

आपल्याकडे हिमांजली संकर यांची 'टॉकिंग ऑफ मुस्कान' ही इंग्रजी कादंबरी २०१४ मध्ये आली. ती उघडते तेव्हा मुस्कान इस्पितळात आहे, तिने जीव द्यायचा प्रयत्न केलाय. खरी आणि गरजेची गोष्ट आहे. पण कपाटात तेवढी एकच असून कसं चालेल?

राहिला वयाचा प्रश्न. वर्गातल्या मुलीकडे चोरून बघणाऱ्या मुलाची गोष्ट बारा वर्षांच्या पोराला देताना मला कुणी हटकलेलं नाही. मी पंधराची होते तेव्हा मैत्रिणीचं कुटुंब बदली होऊन गेलं. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि घरी मी पित्त झालंय म्हणून सांगितलं. हे जगात फक्त मलाच होतं, असं मला वाटायचं. अ‍ॅनी हाती आली तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मधली सोळा वर्षं मला कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने पुस्तक हातात धरून, पान न उघडता विचारलं, "ताई, यात शेवटी कुणी मरत नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "शेवटी एक दुसरीला फोन करते."


तिने कार्ड पुढे केलं.