कोर्ग एम१ची कामं: आधी डंप, मग बॅटरी

हा कोर्ग एम१ सिंथेसायझर जपानी बाजारातला, मागे १०० व्होल्टचा शिक्का. आपल्या २३० व्होल्टवर असा एम१ थेट लावला तर फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मरही जातो. ५० व्हीएचा, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर जोडला, यंत्र सुरू झालं. स्क्रीनवर बॅटरी संपत आल्याची सूचना.

बॅटरी साधी सीआर२०३२ बटण सेल, पण बोर्डावर पत्र्याच्या टॅबने सोल्डर केलेली. ती काढली की रॅम कोरी होते. पीसीएमचे नमुने (वाद्यांची डिजिटल ध्वनिमुद्रणं) रॉममध्ये सुरक्षित राहतात, पण त्यांच्यावर रचलेले प्रोग्राम (एकेक आवाज), कॉम्बिनेशन (अनेक प्रोग्राम एकत्र) आणि सिक्वेन्स (यंत्रात नोंदवलेलं वादन) रॅममध्येच असतात. १९८८च्या या यंत्रात फॅक्टरी आवाज परत आणणारं बटण नाही. ते मेमरी कार्डवरून किंवा सिसेक्सनेच (मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या जोडणीवरून, जाणारा यंत्राचा खास डेटा) भरावे लागतात. म्हणून ग्लोबल मोडमधून (यंत्राच्या सेटिंगचा विभाग) पूर्ण डंप, म्हणजे रॅममधल्या डेटाची प्रत, आधी घेतला आणि संगणकावर दोन ठिकाणी ठेवला.

नवी बॅटरी थेट सोल्डर करू नका, उष्णतेने सेल खराब होतो. होल्डर बसवला. जुने टॅब उपटले तर बोर्डावरचा तांब्याचा पॅड सोबत निघतो, त्यामुळे आधी ताजं सोल्डर लावून वितळवायचं आणि विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) शोषून घ्यायचं. मग मीटरवर प्लस-मायनस तपासायचं.

डंप परत पाठवताना दोन गोष्टी अडवतात: ग्लोबलमधलं मेमरी प्रोटेक्ट, आणि मिडी फिल्टरमध्ये बंद असलेलं एक्सक्लुझिव्ह, म्हणजेच सिसेक्स. पहिलं ऑफ, दुसरं चालू. तरीही डेटा अर्धवट पोचत असेल तर संशय स्वस्त यूएसबी-मिडी केबलवर घ्या. तिचा बफर छोटा असतो आणि लांब संदेश मध्येच तुटतो. खरा मिडी इंटरफेस वापरला की प्रश्न मिटतो.

फॅक्टरी संच भरल्यावर पियानो आणि 'ऑर्गन २' ऐकले. फिल्टरला रेझोनन्स (ठरावीक कंपनांना उठाव देणारी सोय) नाही, एकावेळी वाजणारे आवाज १६च, प्रत्येक स्वराला दोन नमुने लावणाऱ्या डबल मोडमध्ये तर ८; तरी त्या पियानोची टणक सुरुवात आजही मिश्रणात सगळ्यांच्या वर येते. ती या नमुन्यांचीच आहे, वेगळ्या इफेक्टची गरज पडत नाही. मेमरी १००-१०० प्रोग्राम-कॉम्बिनेशनवरच ठेवली. ५०-५० केली तर सिक्वेन्सरला ४,४०० ऐवजी ७,७०० नोट मिळतात, पण बाहेर संगणक असताना आवाज गमावण्यात अर्थ नाही.

बाकी: स्क्रीनमागचा मंदावलेला ईएल (विजेने उजळणाऱ्या थराचा) बॅकलाइट आणि त्याला उच्च व्होल्टेज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरची बारीक शीळ. एलईडी पट्टी लावताना इन्व्हर्टर पूर्ण तोडायचा, कारण त्याचा उच्च व्होल्टेज एलईडीला चालत नाही. पॅनेलवरच्या अडकणाऱ्या स्विचेसचं काम त्यानंतर.