गँडाल्फ परत येतो, हे ठाऊक असूनही

तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहीत आहे. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचते आणि दर वेळी माझे डोळे भरून येतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: त्यातला जादूगार गँडाल्फ मरून परत येतो हे आधीच माहीत असताना रडू कसे येते? त्यात एक तक्रारही दडलेली असते, की नायक परत येणारच असेल तर लेखकाने आपल्याला उगाच रडवले.

तक्रार अगदीच गैरवाजवी नाही. मोरियाच्या खाणीत बॅलरॉग या अग्निराक्षसाशी झुंजताना गँडाल्फ पुलावरून अथांग दरीत कोसळतो तो पहिल्या खंडात, आणि दुसऱ्या खंडात फँगॉर्नच्या अरण्यात तो शुभ्र वेशात पुन्हा भेटतो. हे खंड १९५४ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पहिल्या वाचकांचे सुतक चार महिन्यांच्या आत फिटले. त्याच नोव्हेंबरमधल्या एका पत्राच्या मसुद्यात टोल्किन यांनी मान्य केले आहे की गँडाल्फचे परतणे ज्या रीतीने मांडले गेले, तो पुस्तकातला दोष आहे. लेखकानेच कबुली दिल्यावर मी वकिली कशाला करावी? तरीही करते, कारण गँडाल्फ परतला ही बातमी, दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेल्या त्याच्या शिष्यासारख्या फ्रोडोपर्यंत पोचतच नाही.

फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम तोवर अँड्युइन नदी ओलांडून पूर्वेकडे निघून गेलेले असतात. (मोबाईल नसलेल्या जगाचा कादंबरीकाराला केवढा आधार असतो!) शत्रूच्या मॉर्डॉर देशापर्यंतची सारी वाट ते गँडाल्फ मेला असे समजूनच चालतात. अंगठीच्या मोहाने त्यांच्या मागावर असलेला गोलम हाती लागतो तेव्हा त्याला ठार करणे सोपे असते. पण दयेविषयी गँडाल्फ पूर्वी जे बोलला होता ते फ्रोडोला आठवते आणि तो गोलमला जिवंत ठेवतो. शेवटी फ्रोडोचा निर्धार ढळतो आणि अंगठी गोलममुळेच नष्ट होते. सल्ला द्यायला गुरू नाही, केवळ त्याचे शब्द उरले आहेत, अशा अवस्थेत घेतलेला तो निर्णय असतो. तिकडे गुरू जिवंत झाला म्हणून इकडचे पोरकेपण खोटे ठरत नाही.

आपल्याकडची कचाची कथा मला याहूनही कठोर वाटते. महाभारताच्या आदिपर्वात असुर कचाला पुन्हा पुन्हा मारतात आणि शुक्राचार्य देवयानीच्या हट्टामुळे त्याला संजीवनी विद्येने उठवतात. अखेरच्या वेळी असुर त्याला जाळून त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच बाहेर यायचा तर गुरूचे पोट फाडूनच. म्हणून शुक्राचार्य त्याला पोटातच विद्या शिकवतात, आणि बाहेर आलेला कच त्याच विद्येने गुरूला उठवतो. पुढे देवयानी लग्नाची इच्छा बोलून दाखवते, तेव्हा तो म्हणतो की ज्या उदरातून तू आलीस त्यातूनच मीही आलो, तेव्हा तू माझी बहीण झालीस. जिने त्याला परत आणवले तिलाच तो, परत येण्याच्या त्या रीतीमुळे, अंतरला. संतापलेल्या देवयानीच्या शापाने ती विद्याही त्याच्या हाती निष्फळ झाली. ज्याला तो शिकवील त्यालाच ती फळणार होती.

गँडाल्फ मेलेलाच राहायला हवा होता, असे 'गेम ऑफ थ्रोन्स'चे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन म्हणत आले आहेत. त्यांच्या कादंबऱ्यांतला बेरिक डॉन्डॅरियन सहा वेळा उठवला जातो, आणि ज्या स्त्रीशी त्याचे लग्न ठरले होते तिच्या केसांचा रंगही त्याला आठवेनासा होतो. परत येण्याची अशी किंमत मोजावी लागते, हे मला पटते. १९९२ साली मरून १९९३ साली परतलेल्या सुपरमॅनचे मला काहीच वाटले नाही, कारण त्याच्या मरणाने त्याच्या जगात कायमचे असे फारसे काही हलवले नाही.

राहिला तुमचा प्रश्न. माझे डोळे मोरियाच्या पुलापाशी भरून येत नाहीत. अंगठी नष्ट झाल्यानंतर सॅम इथिलियनमध्ये मऊ अंथरुणावर जागा होतो आणि समोर गँडाल्फ उभा असतो. तुम्ही मेलात असे मला वाटले होते, सॅम म्हणतो, पण मग मीही मेलोच असे मला वाटले होते. आणि लगेच लहान मुलासारखे विचारतो की जे जे दुःखाचे होते ते सारे आता खोटे ठरणार आहे का. गँडाल्फ या प्रश्नाला हो म्हणत नाही. एक मोठी सावली दूर झाली, एवढेच म्हणून तो हसतो.