कॅनडात वायरमनकी करायची असेल तर आधी कागद गोळा करा

आयटीआयचे निकाल लागले की मला मेसेज यायला लागतात. गावाकडच्या कुणाचा भाचा, मित्राचा धाकटा भाऊ, कधी कधी तर माझा नंबर कुठनं मिळाला तेही कळत नाही अशी पोरं. प्रश्न सगळ्यांचा एकच, दादा कॅनडात वायरमनला काम आहे का आणि महिन्याला किती सुटतात. एकेकाला व्हॉइस नोट पाठवून घसा बसला, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो, इथून पुढं जो विचारेल त्याला हेच पाठवणार.

माझं थोडक्यात सांगायचं तर मी सांगलीकडचा, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय, मग महावितरणमध्ये वर्षभर अप्रेंटिस, मग कोल्हापूर आणि पुण्यात खाजगी कॉन्ट्रॅक्टरांकडं कामं. बायको इथं शिकायला आली, तिच्यामागनं मी स्पाउस वर्क परमिटवर आलो. राहायला ब्रॅम्प्टनला, काम टोरोंटोच्या आजूबाजूला जिथं साइट असेल तिथं.

तर काम आहे. पण काम असणं आणि ते काम करायची तुम्हाला परवानगी असणं ह्या ओंटारिओत, म्हणजे टोरोंटो ज्या प्रांतात येतं तिथं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली पोरं नेमकी इथंच अडकतात. इलेक्ट्रिशियन हा इथं कंपल्सरी ट्रेड आहे, प्लंबर पण तसाच, क्रेन चालवणारा पण. म्हणजे एकतर तुमच्याकडं लायसन पाहिजे नाहीतर तुम्ही रजिस्टर्ड अप्रेंटिस पाहिजे, ह्या दोन्हीत नसाल तर कितीही हुशार असा, वायरला हात लावणं बेकायदेशीर. सुतार, गवंडी, टाइल्सवाले, पेंटर यांना मात्र लायसनची सक्ती नाही, त्यांचं सर्टिफिकेट असतं पण ते नसलं तरी काम करता येतं. त्यामुळं कधी कधी असं होतं की आपल्याकडचा टाइल्स बसवणारा इथं पहिल्या आठवड्यात कामाला लागतो आणि दहा वर्षं पॅनल जोडलेला वायरमन गोडाऊनमध्ये खोकी उचलत बसतो.

आमच्या लायसनचा नंबर ३०९ए. त्याचा हिशोब तासात चालतो, एकूण ९००० तास. त्यातले ८१६० साइटवर लायसनवाल्या माणसाच्या हाताखाली आणि ८४० कॉलेजात. कॉलेजचे तीन टप्पे, पहिला ८ आठवड्यांचा आणि पुढचे दोन १०-१० आठवड्यांचे, त्या काळात कामावर जायचं नाही, पगार बंद, सरकारच्या बेकारी विम्यातनं थोडे पैसे येतात त्यावर भागवायचं. साइटवर केलेले तास लॉगमध्ये भरायचे, काय काम केलं ते लिहायचं, आणि वरच्यानं सही करायची. सगळं सरळ चाललं तर पाच वर्षं. शेवटी रेड सीलची परीक्षा, १०० प्रश्न, चार तास, पासिंग ७० टक्क्यांना, आणि पास झालात की ते शिक्कामोर्तब कॅनडाच्या बाकीच्या प्रांतांत पण चालतं.

आणि हे अप्रेंटिस व्हायचं तर आधी मालक पाहिजे, जो कागदावर सही करून तुम्हाला स्पॉन्सर करेल. नियम असा की एका लायसनवाल्यामागं एकच अप्रेंटिस. छोट्या कंपनीत तीन लायसनवाले असले तर जागा तीनच, आणि त्यातली एक मालकाच्या पोराला, एक मेव्हण्याला. पास होणं अवघड नाही हो, स्पॉन्सर मिळणं अवघड आहे, पोरं वर्ष-वर्ष फिरतात त्यासाठी.

आता तुम्ही म्हणाल आम्ही इतकी वर्षं तिकडं काम केलंय ते काय पाण्यात गेलं का. नाही गेलं, पण ते दाखवता आलं पाहिजे. स्किल्ड ट्रेड्स ओंटारिओ म्हणून सरकारी संस्था आहे, ती तुमच्या बाहेरच्या अनुभवाची तपासणी करते, आणि त्यांचं समाधान झालं तर अप्रेंटिसशिप न करता डायरेक्ट परीक्षेला बसता येतं. त्यांना काय लागतं तर तुम्ही जिथं जिथं काम केलं तिथल्या मालकाचं पत्र, लेटरहेडवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती तास, नेमकी कसली कामं, खाली सही आणि फोन नंबर, मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडून. आयटीआयचं सर्टिफिकेट, महावितरणच्या अप्रेंटिसशिपचं नॅशनल सर्टिफिकेट, आपल्याकडचा वायरमन परवाना, हे सगळं लावायचं, उपयोग होतो. पण वजन असतं ते त्या तासांच्या पत्रांना, आणि आपल्याकडं ते देतंय कोण? शनिवारी रोख पगार, हजेरी कॉन्ट्रॅक्टरच्या डायरीत, डायरी दिवाळीनंतर रद्दीत. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करणारा एक मिस्त्री आमच्याकडं आहे, आख्ख्या अपार्टमेंटचं वायरिंग ड्रॉइंग न बघता ओढतो, पण कागदावर बघायला गेलं तर त्या माणसानं आयुष्यात एक तास काम केलेलं नाही.

कामाबद्दल बोलायचं तर इथली घरं लाकडाची. आपल्याकडं विटांची भिंत, कटर मारायचा, छिन्नी-हातोडा, धुळीनं तोंड भरायचं, पाइप टाकायचा, मग गवंडी येऊन बुजवणार आणि जाताना आपल्याला शिव्या देणार. इथं लाकडी उभ्या पट्ट्यांना, त्याला स्टड म्हणतात, भोक पाडायचं आणि केबल ओवत जायचं, पाइप नाही काही नाही. केबल दर दीड मीटरच्या आत स्टेपलनं पकडायची, बॉक्सपाशी ३०० मिलिमीटरच्या आत पकडायची, भोक स्टडच्या कडेला फार जवळ असेल तर वर लोखंडी पट्टी ठोकायची म्हणजे नंतर कुणी फोटो टांगायला स्क्रू मारला तर तो केबलमध्ये जाणार नाही. सगळं कोडमध्ये लिहिलेलं, इन्स्पेक्टर येऊन बघितल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही. जोड मारून टेप गुंडाळणं हा प्रकारच नाही, प्लास्टिकची टोपी असते तिला मॅरेट म्हणतात, ती पिळून बसवायची. स्क्रू पण वेगळे, डोक्याला चौकोनी खाच, रॉबर्टसन नावाच्या माणसानं १९०८ मध्ये काढलेले, त्याचा कारखाना इथंच आमच्या जवळ मिल्टनला होता, आणि खरं सांगतो, एकदा हे स्क्रू वापरले की आपल्या त्या एका चिरेच्या स्क्रूचा रागच येतो.

एक गोष्ट मात्र घरून निघतानाच डोक्यात बसवून या. आपल्याकडं लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. इथं घरात काळी वायर म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल आणि उघडी तांब्याची तार अर्थिंग. आपल्या माणसाचा हात सवयीनं काळ्या वायरकडं बिनधास्त जातो. व्होल्टेज १२० आहे म्हणून काही होत नाही असं सांगणारे भेटतील, त्यांच्याजवळ उभं पण राहू नका.

साइट सकाळी सातला सुरू, म्हणजे पाचला उठायचं, डबा घ्यायचा, अंधारातच निघायचं. हिवाळ्यात उणे १५-२० होतं, बिल्डिंगला काचा बसलेल्या नसतात, गॅसचे हीटर लावतात त्याच्याजवळ घाम आणि दहा फुटांवर बोटं बधिर. जाड हातमोजे घातले तर बारीक स्क्रू धरता येत नाही, काढले तर बोटं धरता येत नाहीत. एक्स्टेंशन कॉर्ड काठीसारखी कडक होते. साडेनऊला कॉफीची सुट्टी, पोर्तुगीज आणि इटालियन म्हातारे टोरोंटोच्या साइटवर अजून भरपूर आहेत, त्यांचे डबे बघण्यासारखे असतात, आणि पंजाबी तर काय ब्रॅम्प्टन म्हणजे त्यांचंच. इथं येऊन माझं इंग्लिश सुधारलं का माहीत नाही, पंजाबी मात्र फर्मास झालंय.

सेफ्टीचं थोडं जास्त लिहितो कारण घरचे लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात. तीन मीटरच्या वर पडायचा धोका असेल तर हार्नेस, म्हणजे दोरीला अडकवायचा अंगावरचा पट्टा, लागतोच, आणि उंचीवर काम करायचं ट्रेनिंग घेतल्याशिवाय साइटवर घेतच नाहीत, ते दर तीन वर्षांनी परत करावं लागतं. ही शिस्त काही देवानं दिलेली नाही. २४ डिसेंबर २००९ ला, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, इथं एटोबिको भागात एका बिल्डिंगच्या बाल्कन्यांची दुरुस्ती चालली होती, तेराव्या मजल्यावरचा झुलता पाळणा मधनं तुटला आणि चार कामगार गेले, एक वाचला पण कायमचा जायबंदी. सगळे बाहेरच्या देशातनं आलेले. पाळण्यावर होते सहा जण आणि दोरी नीट बांधलेला एकटा. ह्या प्रकरणात प्रोजेक्ट मॅनेजरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, कंपनीला दंड झाला, आणि हे ट्रेनिंग २०१५ पासून सक्तीचं झालं ते त्यानंतरच. आपल्याकडं बांबूच्या परांचीवर चप्पल घालून चढणारी माणसं मी बघितलीत, त्यांच्यासाठी कुठला मॅनेजर आत गेलेला मी तरी ऐकला नाही.

धोकादायक वाटलं तर काम नाकारायचा कायदेशीर हक्क इथं आहे, आणि त्यासाठी मालक काढून टाकू शकत नाही. कागदावर. मोठ्या साइटवर, युनियन असेल तिथं, हे खरंच चालतं. पण बेसमेंटची कामं करणारे छोटे कॉन्ट्रॅक्टर असतात, बरेचसे आपल्याच देशातले, ते नवीन पोरांना रोखीत ठेवतात, रजिस्टर करत नाहीत, तास भरत नाहीत, आणि पोरगं दोन वर्षं राबून बाहेर पडतं तेव्हा त्याच्या लॉगमध्ये शून्य. म्हणजे सात समुद्र ओलांडून परत तीच डायरी. रोखीत दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून असल्या ठिकाणी राहू नका, खरंच राहू नका.

पैशाचं सांगतो. अप्रेंटिसला लायसनवाल्याच्या दराच्या ४० टक्क्यांपासून सुरुवात होते, तास भरतील तसं वाढत ८० टक्क्यांपर्यंत जातं. युनियनमधल्या लायसनवाल्याला टोरोंटोत तासाला ५० डॉलरच्या आसपास, वर पेन्शन, औषधपाणी, दाताचा खर्च. ऐकायला भारी आहे, पण हा आकडा रुपयांत करून गावात सांगत फिरू नका, कारण भाडं पण डॉलरमध्येच जातं. शिवाय काम कायम नसतं. साइट संपली की घरी बसवतात, युनियनच्या यादीत नाव टाकायचं आणि नंबर यायची वाट बघायची. व्याजदर वाढल्यापासून टोरोंटोत नव्या कॉन्डोंची, म्हणजे फ्लॅटांची, विक्री पार आपटली, त्यामुळं उंच बिल्डिंगांची नवी कामं कमी झाली आणि माझ्या ओळखीचे चांगले चांगले लोक घरी बसले. हॉस्पिटलं, मेट्रो, शाळा असली कामं करणाऱ्या कंपन्यांचं तुलनेनं बरं चाललंय, म्हणून अप्रेंटिस असतानाच घरांच्या कामातनं तिकडं सरकता आलं तर बघावं. पुढं लायसन मिळून तीन वर्षं झाली की मास्टर इलेक्ट्रिशियनची परीक्षा देता येते, मग स्वतःची कंपनी काढता येते. चाळिशीनंतर गुडघे आणि खांदे बोलायला लागतात, तेव्हा शिडीवरनं खाली उतरायचा हाच एक मार्ग आहे, नाहीतर फोरमन.

गणपतीतला एक नेहमीचा प्रसंग सांगतो, नवीन येणाऱ्याला माहीत असलेला बरा. हॉलमध्ये सगळे आयटीवाले, बँकवाले. "काय करता?" "इलेक्ट्रिशियन." "अच्छा, इलेक्ट्रिकल इंजिनियर." "नाही हो, वायरमन." मग थोडी शांतता, मग "वा वा, इथं काय सगळी कामं सारखीच" असं एक वाक्य, आणि नजर मोदकांकडं. पण आरती होऊन जेवणं सुरू झाली की त्यातलेच तिघं ताट घेऊन शेजारी येतात, बेसमेंटला लाइट बसवायचेत, गाडीचा चार्जर लावायचाय, किती घ्याल, आपल्या माणसाला काय कमी कराल का. मला आधी राग यायचा, आता मी सरळ सांगतो की परमिट आणि इन्स्पेक्शन लागतं, ज्या कंपनीकडं कॉन्ट्रॅक्टरचं लायसन आहे तिला बोलवा. निम्मे तिथंच गप्प होतात.

यायचं कसं, तर ह्या बाबतीत एजंटचं ऐकू नका एवढंच ठामपणे सांगेन. एलएमआयएचं पत्र (मालकाला बाहेरच्या देशातला कामगार ठेवायला लागणारी सरकारी मंजुरी) मिळवून देतो, पंधरा-वीस लाख लागतील, असं म्हणणारे सांगली-कोल्हापुरात पण पोचलेत. नोकरीच्या बदल्यात कामगाराकडनं पैसे घेणं ओंटारिओच्या कायद्यात बसतच नाही. सरळ रस्ता आहे, फेडरल स्किल्ड ट्रेड्स, म्हणजे कारागिरांना कायमचं राहायला घ्यायची कॅनडा सरकारची योजना, त्याला मागच्या पाच वर्षांतला दोन वर्षांचा अनुभव, इंग्लिश बोलण्या-ऐकण्यात सीएलबी (कॅनडाची भाषा मोजायची पट्टी) ५ आणि वाचण्या-लिहिण्यात ४, म्हणजे फार नाही, पण जोडीला नोकरीची ऑफर किंवा इथलं ट्रेडचं सर्टिफिकेट लागतं. २०२३ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे सरकार ज्या ऑनलाइन यादीतनं माणसं निवडतं तिच्यात, ट्रेडवाल्यांसाठी वेगळे ड्रॉ पण निघतात. कॉलेजच्या दोन वर्षांच्या डिप्लोमावर येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा की डिप्लोमा म्हणजे लायसन नाही, तो झाल्यावर पण साइटवरचे तास भरावेच लागतात, आणि फी भरून झाल्यावर कॉलेजवाले हे सांगत नाहीत.

माझा चुलतभाऊ सध्या ह्याच तयारीत आहे. त्याला म्हटलं बाकी सगळं राहू दे, आधी जुन्या तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांकडं जा आणि तासांची पत्रं घे. पहिल्यानं दिलं. दुसरा म्हणाला तू स्वतःच लिहून आण, मी सही करतो. तिसरे तात्या आमच्या गावातले जुने, मी पण त्यांच्याच हाताखाली शिकलो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "देतो की, पण लेटरहेड म्हणजे नेमकं कसलं छापायचं असतं ते तेवढं त्याला फोनवर विचार." मी काल नमुना करून पाठवलाय, तालुक्याला छापायला टाकलाय म्हणे.