कंपनी बुडाली, पण हँडल मिळालं

दरवाजा बनवणारी कंपनी कधीचीच बंद पडलेली, तरी त्या दरवाजाला बसणारं हँडल आजही विकत मिळतं! ओहायोतल्या आमच्या घराचं मागचं सरकतं काचेचं दार १९८०च्या दशकातलं. ऐन जानेवारीत त्याचं हँडल तुटलं, लॉकही लागेना. शेजारचे आजोबा बर्फातून टेप घेऊन आले आणि म्हणाले, "दार बदलू नका, आधी भोकं मोजा."

म्हणजे हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर मोजायचं, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. आमचं भरलं ३ १५/१६ इंच, म्हणजे जवळपास १०० मिलिमीटर. इथल्या जुन्या सरकत्या दारांत हे माप सर्रास आढळतं, त्यामुळे दुसऱ्याच कुणी बनवलेलं हँडलही बसतं. लॉक वेगळं असतं, दाराच्या कडेत आत बसवलेलं. हँडलच्या खटक्याची चपटी पट्टी त्याच्या खाचेत शिरते. खटका फिरवला की लॉकमधला हुकासारखा आकडा बाहेर येऊन चौकटीत अडकतो. ती खाच उभी आहे की तिरपी, हेही पाहून घ्यावं लागतं. जुन्या वस्तूचा एक तुकडा मिळावा म्हणून मापं जपणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर म्हणाले, "एवढं मोजमाप? आपला लोहार त नजरेनंच करते." खरंच करतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या आमच्या गावात कोयंडा सैल झाला तर तो भट्टीत घालून दोन घाव मारतो, की कडी पुन्हा घट्ट. पावसाळ्यात कवाड फुगलं तर सुतार रंधा घेऊन घरी येतो. इथं असं कुणी दारात येत नाही. मिस्त्री बोलावला तर त्याची मजुरीच हँडलपेक्षा जास्त. "एवढं शिकून तिकडं पेचकसच धरायचा होता का?" असं गावातले काही विचारतात. आमच्या घरची मोडतोड बाबाच दुरुस्त करायचे, तेव्हा त्यांना कुणी हे विचारलं नाही. मला यात कमीपणा वाटत नाही.

चुलतभाऊ गावात नवं घर बांधतोय आणि त्याला अॅल्युमिनियमचं सरकतं दार हवंय. दादा, बसव खुशाल. पण हँडलचं माप आणि लॉकचा फोटो आत्ताच वहीत ठेव. दहा वर्षांनी दुकानदार तेच मागेल. आणि हँडल तुटतं ते बहुतेक वेळा दार जड झाल्यामुळे. रुळात कचरा बसतो, खालची चाकं अडतात आणि सगळा जोर मुठीवर येतो. तुमच्याकडे वेचणीनंतर कापूस घरातच भरलेला असतो, त्याचे तंतू रुळात जाणारच. ब्रशनं काढत जा. तरीही दार जड वाटलं, तर खालच्या कडेला चाकाची उंची बदलायचा स्क्रू असतो. तो थोडा फिरवून बघ आणि मगच हँडलला हात लाव.